क्वालिटीत नोकरी धरताय? आधी साहेबांचं टार्गेट विचारा

डिप्लोमा किंवा आयटीआय करून गाड्यांच्या धंद्यात शिरू बघणारी गोव्यातली मुलं मला हमखास विचारतात, "ताई, क्वालिटीला जाऊ की प्रॉडक्शनला?" सुरुवातीचा पगार दोन्हीकडे जवळपास सारखाच, शिफ्टही त्याच. मी सांगते, विभागाचं नंतर बघू. ज्या कंपनीत चालला आहेस तिथल्या प्लांट हेडची पगारवाढ कुठल्या आकड्यावर ठरते, ते आधी काढ. मुलं हसतात. ट्रेनीला हे कोण सांगणार! पण ते कळतं. डोळे उघडे ठेवले तर पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच कळतं, आणि एकदा कळलं की त्या कारखान्यातून कसला माल बाहेर पडणार याचा अंदाज ऑडिट रिपोर्ट न वाचताही येतो.

माझ्याबद्दल थोडक्यात. मी डिचोली तालुक्यातली. घरचा टिपर 2012 च्या खाणबंदीनंतर अंगणात उभा राहिला, आणि आमच्यासारख्या कितीतरी घरांतली पोरं औद्योगिक वसाहतींकडे वळली. मयेच्या सरकारी पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकल डिप्लोमा केला, फोंडा तालुक्यातल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे प्रेसवर पत्रा कापून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, क्वालिटी ट्रेनी म्हणून लागले. मग चाकणला एका गाडी कंपनीत पुरवठादारांचा माल तपासण्याच्या कामावर काही वर्षं काढली आणि आता परत गोव्यात आहे. म्हणजे माल देणाऱ्यांकडूनही भांडून झालं आणि माल नाकारणाऱ्यांकडूनही.

गोव्यात मोटारकार बनत नाही. बनतात ते भाग. उसगावला एमआरएफचे टायर, सत्तरीत 1980 साली उभी राहिलेली ऑटोमोबाइल कॉर्पोरेशन ऑफ गोवा बसच्या बॉड्या आणि पत्र्याचे भाग करत आली, आणि वेर्णा, कुंडई, बेतोडा, पिसुर्ले अशा वसाहतींत लहान-मध्यम व्हेंडर, म्हणजे भाग पुरवणारे. गिऱ्हाईक बहुतेक घाटावर: पुणे, चाकण, धारवाड. पावसात चोर्ला घाटात दरड आली की इथल्या डिस्पॅचवाल्याचा जीव टांगणीला लागतो. हे लक्षात ठेवा, कारण गोव्यातल्या व्हेंडरच्या डोक्यात 'माल वेळेवर पोचला पाहिजे' हे भूत इतरांपेक्षा जरा जास्तच बसलेलं असतं.

आता प्रेस शॉपमधली एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण मला जे म्हणायचं आहे ते सगळं त्या एका ब्रॅकेटमध्ये आहे.

2 मिमी पत्र्याचा तळहाताएवढा ब्रॅकेट. गाडीत बसला की त्याच्यावर वायरिंग हार्नेसची (तारांच्या जुडग्याची) क्लिप अडकते. पत्रा डायमध्ये (प्रेसवरच्या कापायच्या साच्यात) कापला की एका कडेला बारीक धार उभी राहते, तिला बर म्हणतात. साधारण दंडक असा की बर पत्र्याच्या जाडीच्या 10 टक्क्यांपर्यंत चालतो, म्हणजे इथे 0.2 मिमी. डाय नवी असताना नख फिरवलं तरी जाणवत नाही. स्ट्रोक, म्हणजे प्रेसचे ठोके, वाढत जातात तशी डायची कड बोथट होते आणि बर वाढतो. आमच्याकडे पस्तीसेक वर्षं प्रेसवर काढलेले एक दादा होते. मी मायक्रोमीटर घेऊन पोचायच्या आधीच ते म्हणायचे, "बाय, आवाज ऐक. डाय बसली." खरंच, धारदार डाय पत्रा कापते तेव्हा 'टक्' असा कोरडा आवाज येतो; बोथट झाली की तो जड होतो आणि प्रेसचा धक्का पायाखाली जाणवतो.

उपाय सगळ्यांना ठाऊक होता. डाय उतरवायची, सरफेस ग्राइंडरवर धार लावायची, परत चढवायची. अर्धी शिफ्ट जाते. आणि नेमकं तेच होत नव्हतं. आठवड्यामागून आठवडे ब्रॅकेट 0.3, 0.35 बर घेऊन निघायचे आणि शेडच्या टोकाला बसलेल्या कंत्राटी बायका कानस मारून तो बर काढायच्या. सुटायचे ते सुटायचेच.

यात कोणी चोर होता का? मुळीच नाही. प्रॉडक्शन मॅनेजरचा इन्सेंटिव्ह ताशी स्ट्रोक आणि महिन्याच्या डिस्पॅचच्या रकमेवर होता. डाय उतरवली की त्याची अर्धी शिफ्ट बुडते. मेंटेनन्सचं मोजमाप 'ब्रेकडाऊन किती तास' यावर. चालू असलेली डाय स्वतःहून उतरवली तर तो वेळ त्यांच्या खात्यात पडायचा, म्हणून तेही हात लावत नसत. कानस मारणाऱ्या बायकांची मजुरी एचआरच्या कंत्राटी कामगार खात्यात टाकली जायची, त्यामुळे खराब मालाचा हा खर्च क्वालिटीच्या कुठल्याच तक्त्यात उमटत नव्हता. आणि आम्ही क्वालिटीवाले? आमचं काम रिजेक्शनचा आकडा कमी दाखवणं. कानस मारून पास झालेला नग रिजेक्शनमध्ये मोजत नव्हते. चौघांनीही आपापलं काम चोख केलं, आणि माल मात्र खराब गेला.

आता बर राहिला तर बिघडलं काय? दोन गोष्टी. धारेवर वायरचं वेष्टण घासतं. आणि दुसरी गोष्ट आपल्या किनारपट्टीच्या माणसाला लगेच पटेल: तीक्ष्ण कडेवर रंग टिकत नाही. रंग भाजताना कडेवरून मागे सरकतो, तिथे थर पातळ राहतो, आणि गंज तिथूनच सुरू होतो. पुण्यात ती कड पाच वर्षं काढेल. खारा वारा आणि आपला पाऊस, यात दोन पावसाळे पुरेत. म्हणजे आज वाचवलेल्या अर्ध्या शिफ्टचं बिल दोन-तीन वर्षांनी, दुसऱ्याच कंपनीच्या वॉरंटी खात्यात, कदाचित प्रॉडक्शन मॅनेजर नोकरी बदलून गेल्यावर येणार. गाड्यांच्या धंद्यात दर्जाचं दुखणं इथे आहे. नफा या महिन्यात दिसतो, तोटा दोन-तीन वर्षांनी, आणि बहुधा दुसऱ्याच माणसाच्या नावावर.

पुढे प्लांट हेड बदलले. नवीन साहेबांनी ना नवं मशीन आणलं, ना भिंतीवर घोषणा लावल्या. त्यांनी तीन हिशेब बदलले. ठराविक स्ट्रोक झाले की डाय उतरवायची, आणि तो वेळ मासिक प्लॅनमध्येच धरायचा, म्हणजे तो कोणाच्याही खात्यात तोटा म्हणून पडत नाही. कानशीची मजुरी प्रेस शॉपच्या खात्यात. आणि ग्राहकाकडचं रिजेक्शन क्वालिटी मॅनेजरइतकंच प्रॉडक्शन मॅनेजरच्याही वार्षिक मूल्यमापनात. माणसं तीच, प्रेस तीच. काही महिन्यांत शेडच्या टोकाचं कानशीचं टेबल निघालं. (त्या बायकांना कंत्राटदाराने दुसरीकडे लावलं असं सांगण्यात आलं, मला त्याची खात्री करता आली नाही, आणि क्वालिटी सुधारली की कोणाची रोजी जाते हा विषय ट्रेनिंगच्या स्लाइडवर कधी नसतो.)

नवीन मुलांनी महिन्याचा शेवटचा आठवडा मुद्दाम शॉप फ्लोअरवर काढावा. महिन्याचं टार्गेट रकमेत असेल तर अर्ध्याहून जास्त माल शेवटच्या दहा दिवसांत बाहेर पडताना दिसेल. ओव्हरटाइम, डबल शिफ्ट, फर्स्ट पीस अप्रूव्हल (पहिला नग तपासून मंजूर करणं) उरकून टाकणं, गेज (मापाचं साधन) शोधायला वेळ नाही म्हणून नजरेने पास करणं, सगळं याच दिवसांत. त्यात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, महिनाअखेरीला आली की विचारू नका. जुने ऑपरेटर गावी, प्रेसवर नवखी पोरं, आणि टार्गेट तेवढंच. चवथीच्या आसपासच्या लॉटची नोंद मी आजही वेगळी ठेवते, आणि पुढे तक्रार आली की आधी त्या तारखा बघते.

आता स्पर्धेचं. पुस्तकात लिहिलेलं असतं की स्पर्धा वाढली की दर्जा वाढतो. बरोबर आहे, पण अर्धंच.

बरोबर अर्धं आपल्या देशानेच पाहिलंय. गोव्यातली जुनी माणसं 1961 च्या आधीच्या मर्सिडीज टॅक्सी आणि ओपेलच्या आठवणी काढतात. पोर्तुगीज अमलात परदेशी गाड्या आयात होत. मुक्तीनंतर आपणही उर्वरित भारताच्या लायसन्स राज्यात आलो. मोटार म्हणजे मुख्यतः अँबेसेडर नाहीतर फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी. पैसे भरून वर्षानुवर्षे वाट बघायची, आणि मिळाली की पहिलं काम गॅरेजात नेऊन उरलेले नट आवळून घ्यायचे. अँबेसेडर 1950 च्या दशकातल्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली. 2014 साली उत्पादन थांबेपर्यंत तिचा सांगाडा मूलतः तोच राहिला. कामगार किंवा इंजिनियर वाईट होते असं मी मानत नाही. रांगेतला पुढचा गिऱ्हाईक ठरलेलाच असेल, तर दाराची फट 4 मिमी आहे की 9, याने कुठल्याच मॅनेजरची बढती अडत नव्हती.

14 डिसेंबर 1983 ला मारुती 800 आली आणि पंधरा-वीस वर्षांत दोन्ही जुन्या खेळाडूंचं बस्तान उठलं. 1993 मध्ये मोटारींचं परवाना बंधन गेलं, 1998 मध्ये ह्युंदाईची सँट्रो आणि टाटांची इंडिका आल्या. इंडिकाचं उदाहरण मी मुलांना देते. बुकिंग धो-धो, पण सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रारीही तशाच. कंपनीने दुरुस्त्या करून 2001 ला व्ही-टू आणली आणि ती चालली. 1975 साली त्याच तक्रारी आल्या असत्या तर घाई कोणी केली असती? गोव्यातल्या टॅक्सीवाल्यांनी मारुतीची ओम्नी उचलली ती काही प्रेमाने नव्हे. म्हापशात बंद पडली तर म्हापशातच सुटा भाग मिळतो, म्हणून. गिऱ्हाईकाला पर्याय मिळाला की असा हिशेब सुरू होतो आणि तो हिशेब कंपनीच्या मॅनेजरपर्यंत पोचतो.

पण स्पर्धा फक्त गिऱ्हाईकाला जे दिसतं त्यावरच चालते. रंग, मायलेज, किंमत, टचस्क्रीन, एसीचा गारवा. स्पॉट वेल्ड पुरते बसलेत की नाही, हे शोरूममध्ये कोण बघणार? जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासून तारे देणाऱ्या संस्थेने पाच भारतीय गाड्या आपटून बघितल्या: आल्टो 800, नॅनो, फिगो, पोलो आणि आय-10. सगळ्या शून्य तारे. पाच वेगवेगळ्या कंपन्या, तुंबळ स्पर्धा, आणि तरीही पाचही शून्य! असं कसं? कारण स्पर्धा पाच-दहा हजार रुपयांच्या फरकावर चालली होती आणि एअरबॅग काढली की तो फरक पडत होता. निकालानंतर फोक्सवॅगनने बिनएअरबॅगची पोलो भारतात विकणं बंद केलं. डिसेंबर 2018 मध्ये नेक्सॉनला पाच तारे मिळाले, टाटांनी ते जाहिरातीत मिरवले, आणि मग इतरांनाही तारे हवेसे वाटू लागले. ऑक्टोबर 2023 पासून आपली स्वतःची भारत एनकॅप सुरू झाली. जे मोजून लोकांसमोर ठेवलं गेलं, त्याच्यावर स्पर्धा सुरू झाली. एअरबॅगच्या बाबतीत तर कायद्यालाच पुढे यावं लागलं: जुलै 2019 पासून चालकासाठी, 2021 मध्ये शेजारच्या सीटसाठी.

आणि स्पर्धा चुकीच्या आकड्यावर लागली की ती दर्जा खातेसुद्धा. फोक्सवॅगनने 2018 पर्यंत जगातली पहिल्या नंबरची कंपनी व्हायचं ठरवलं होतं. अमेरिकेत डिझेल गाड्या विकायच्या, पण तिथले उत्सर्जनाचे नियम दिलेल्या खर्चात पाळता येत नव्हते. वरून 'नाही' ऐकून घ्यायची सवय नव्हती. मग खालच्यांनी चाचणी चालू आहे हे ओळखणारं सॉफ्टवेअर बसवलं. सप्टेंबर 2015 मध्ये ते उघड झालं तेव्हा जगभरातल्या सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांत ते होतं. खुद्द टोयोटालाही हे चुकलं नाही. 2009-10 च्या मोठ्या रिकॉलनंतर कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष अकिओ टोयोडा अमेरिकी काँग्रेससमोर उभे राहिले आणि म्हणाले की आमची वाढ जरा जास्तच वेगाने झाली असावी. क्वालिटीत राहायचं असेल तर ही साक्ष शोधून वाचा. एवढ्या मोठ्या माणसाने विक्रीच्या आकड्याला दोष दिल्याचं सहसा दिसत नाही.

दोन-तीन वर्षांनी येणाऱ्या बिलाचं जगातलं सर्वांत वाईट उदाहरण जनरल मोटर्सचं. इग्निशन स्विच इतका सैल की किल्लीच्या जुडग्याच्या वजनाने किंवा धक्क्याने सरकायचा. इंजिन बंद, आणि एअरबॅगही उघडायची नाही. दुरुस्तीचा खर्च नगामागे एक डॉलरहून कमी होता, पण त्यातून वाचणारी वॉरंटी त्याहून कमी भरत होती, म्हणून प्रस्ताव बारगळला. पुढे स्विच गुपचूप बदलला गेला, मात्र पार्ट नंबर तोच ठेवला, त्यामुळे जुन्या-नव्यातला फरक शोधणाऱ्यांची दिशाभूल होत राहिली. 2014 मध्ये सुमारे 26 लाख गाड्या परत बोलावल्या. कंपनीच्या भरपाई निधीने 124 मृत्यू मान्य केले. चौकशी अहवालात 'जीएम नॉड' नावाची एक गोष्ट आहे: बैठकीत सगळे 'हो, हे करायला हवं' म्हणून मान डोलावतात आणि बाहेर पडून कोणीच काही करत नाही. मी ही मान डोलावणी फोंड्यातही बघितली, चाकणमध्येही. म्हणून मिनिट्स लिहायचं कंटाळवाणं काम ट्रेनीने मागून घ्यावं. कोण, काय, कुठल्या तारखेपर्यंत, हे तीन रकाने रिकामे राहिले की मान डोलावणी कुठे झाली ते कागदावरच दिसतं.

याच जनरल मोटर्सचा दुसरा किस्सा मला जास्त आवडतो. कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा कारखाना त्यांनी 1982 मध्ये बंद केला. कामगार दांड्या मारणारे, भांडखोर म्हणून कुप्रसिद्ध. 1984 मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच कारखाना नम्मी नावाने सुरू झाला, आणि कामगार बहुतांशी तेच परत घेतले. बदललं ते हे की कोणीही दोरी ओढून लाइन थांबवू शकत होता आणि थांबवल्याबद्दल त्याला शिव्या मिळत नव्हत्या. टीम लीडर धावत मदतीला यायचा. दर्जा बघता बघता टोयोटाच्या पातळीला गेला. पण हीच पद्धत जनरल मोटर्सच्या बाकी कारखान्यांत पसरायला वर्षानुवर्षे लागली, कारण तिथल्या मॅनेजरचं मोजमाप दिवसाला किती गाड्या निघाल्या यावरच होतं. आपल्याकडेही लाइनवर अँडनचा (अडचण कळवून लाइन थांबवायचा) दिवा आणि दोरी बहुतेक ठिकाणी लावलेली असते. ती शेवटची कधी ओढली गेली, एवढंच विचारा. 'गरजच पडत नाही' असं उत्तर आलं तर काय समजायचं ते समजा.

चाकणला असताना पुरवठादारांमधली स्पर्धा जवळून दिसली. एकच पार्ट दोन व्हेंडरना 60-40 असा वाटून देतात; ज्याचा स्कोअर चांगला त्याचा वाटा वाढतो. कल्पना चांगली आहे. पण स्कोअरकार्डात काय होतं? पीपीएम, म्हणजे दहा लाख नगांत किती खराब, डिलिव्हरी, आणि दर वर्षी किंमत किती कमी केली. लाइन थांबली तर व्हेंडरला दंड त्याच दिवशी. खराब वेल्ड गेला तर पत्ता दोन वर्षांनी, आणि तोही सिद्ध झाला तर. व्हेंडर शहाणाच असतो, तो ज्याचा दंड आधी त्याला आधी घाबरतो. शिवाय पीपीएमचा आकडाही वाकतो. व्हेंडरचा रेसिडेंट इंजिनियर, म्हणजे गाडी कंपनीत बसवलेला त्याचा माणूस, लाइनवर उभाच असतो. खराब नग दिसला की तो नोंद व्हायच्या आत बदलून देतो, लाइन इन्चार्जची कटकट वाचते, आणि महिन्याचा पीपीएम शून्य. शोरूममध्ये गाडी घेताना 'फीडबॅकचा फोन येईल, दहापैकी दहा द्या हां सर' म्हणतात, त्याच जातीचं हे. म्हणून सलग वर्षभर शून्य पीपीएम दाखवणाऱ्या व्हेंडरकडे मी आधी जायचे, अभिनंदनाला नव्हे.

खरेदी विभागाचा इन्सेंटिव्ह वेगळाच असतो हेही बघून ठेवा. त्यांचा बोनस बचतीवर. 90 च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल मोटर्सचे खरेदीप्रमुख लोपेझ यांनी पुरवठादारांचे करार फाडून नव्याने दर मागवले आणि प्रचंड बचत दाखवली; पुरवठादारांचा विश्वास उडाला तो कित्येक वर्षं परत आला नाही. दर वर्षी दोन-तीन टक्के कापायचे म्हटलं की व्हेंडर पत्र्याचा ग्रेड, प्लेटिंगचा थर नाहीतर तपासनीस, यातलं काहीतरी कापतोच. तुम्ही व्हेंडरकडे असाल तर किंमत कमी झाल्याच्या तारखेनंतरचे मटेरियल सर्टिफिकेट जरा निरखून बघत जा.

उलट उदाहरणंही आहेत, नाहीतर वाचून कोणी या धंद्यात यायचंच नाही. 1998 मध्ये सुंदरम-क्लेटनच्या ब्रेक विभागाला दर्जासाठीचं जपानचं डेमिंग पारितोषिक मिळालं, भारतातलं पहिलं. त्यानंतर आपल्या कितीतरी ऑटो कंपन्यांनी ते मिळवलं. ज्यांच्या नावाने ते दिलं जातं ते अमेरिकी दर्जातज्ज्ञ डेमिंग स्वतः नगांच्या कोट्याच्या आणि भीतीच्या विरोधात होते, हे मात्र त्यांचा फोटो लावलेल्या कॉन्फरन्स रूममध्ये बसून टार्गेट वाटणाऱ्यांना आठवत नाही.

आता कामाचं. मुलाखतीत 'तुमच्या कंपनीचं क्वालिटी धोरण काय' असलं विचारू नका, ते रिसेप्शनवर फ्रेम केलेलं असतं. विचारा: डिस्पॅच थांबवायचा अधिकार कोणाला आहे, आणि गेल्या काही महिन्यांत तो वापरला गेला का? क्वालिटी मॅनेजर कोणाला रिपोर्ट करतात? ते प्रॉडक्शन हेडच्या हाताखाली असतील तर तुमची लाल बिन (नाकारलेल्या मालाची पेटी) प्रॉडक्शनच्या सोयीने भरणार आणि रिकामी होणार. क्वालिटीचा ट्रेनी असा प्रश्न विचारतो म्हणून काही ठिकाणी तुम्हाला घेणार नाहीत. जाऊ दे.

लागल्यावर पहिल्या महिन्यात तीन ठिकाणी नजर टाका. सकाळच्या बैठकीत पहिला आकडा कुठला वाचतात: कालचा डिस्पॅच की कालची तक्रार. डेव्हिएशनच्या, म्हणजे मापात न बसणारा माल सवलतीने सोडायच्या मंजुऱ्यांच्या, फाइलची जाडी, आणि त्यातल्या तारखा महिनाअखेरीला गर्दी करतात का. आणि नोटीस बोर्डावर 'बेस्ट एम्प्लॉयी' कशासाठी निवडला जातो. विक्रमी उत्पादनासाठी की खराब लॉट पकडल्यासाठी? दुसऱ्या प्रकारचा फोटो मी आजवर फार थोड्या ठिकाणी पाहिलाय.

शिकायचं काय, हे सगळे सांगतातच: आयएटीएफ 16949 (गाडी धंद्याचं दर्जा-मानक), एफएमईए (बिघाडाचा आधीच अंदाज), एसपीसी (आकडेवारीने प्रक्रियेवर नजर), एट-डी (तक्रार सोडवायच्या आठ पायऱ्या). शिका, नोकरीला लागतं. पण त्याआधी मोजायला शिका. व्हर्नियर, हाइट गेज, सीएमएम (नगाची मापं घेणारं यंत्र), आणि मुख्य म्हणजे तुमचं माप आणि दुसऱ्या शिफ्टच्या माणसाचं माप जुळतं का ते. गेज आर अँड आर (हीच मापं जुळतात का याची तपासणी) नीट न केलेल्या कारखान्यात सीपीके (प्रक्रिया ठरलेल्या मर्यादेत किती बसते त्याचा आकडा) 1.67 चे सुंदर तक्ते बघितलेत मी. नग हातात घेतला की बिंग फुटायचं. आयटीआयच्या मुलांना इथे डिप्लोमावाल्यांपेक्षा फायदा असतो, कारण त्यांचा हात बसलेला असतो. गोव्यात उमेदवारी करत असाल तर प्रेसवरच्या एखाद्या जुन्या दादांपाशी रोज थोडा वेळ उभे राहा, आवाज ऐकायला.

एक सावधगिरी. महिनाअखेरीला कोणीतरी डेव्हिएशनचा फॉर्म घेऊन येईल आणि म्हणेल, 'साहेबांशी बोललोय, सही कर'. फॉर्मवर नगांची संख्या, मुदत आणि ग्राहकाच्या मंजुरीचा ईमेल, तिन्ही असल्याशिवाय सही करू नका. चिडू नका, भाषणही देऊ नका, शांतपणे म्हणा, "सर, ईमेल फॉरवर्ड करा, लगेच करते." बहुतेक वेळा ईमेल येतो. आला नाही तर माल जातो, पण दुसऱ्याच्या सहीवर जातो. ती सही कोणाची आहे हे दोन वर्षांनी वॉरंटीची तक्रार आली की आधी बघितलं जातं.